कवट्या कोणाच्या होत्या?

जर्मनीने आफ्रिकेत केलेल्या कत्तलींचा अमरावतीशी काय संबंध, असं कोणीही विचारेल. संबंध आहे, आणि तो मराठी वाचकाच्या आदराच्या एका नावातून जातो : डॉ. इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना घरोघरी ओळखतो. बर्लिनमध्ये त्यांनी काय केलं, हे थोड्यांना ठाऊक असतं.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका घरात याच गोष्टीवरून वाद झाला. एका बाजूला शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मोठे बाबा, दुसऱ्या बाजूला समाजशास्त्रात एम.ए. करणारी त्यांची पुतणी. तिला महाविद्यालयात इरावतीबाईंवर बोलायचं होतं. टिपण वाचून दाखवायला ती बसली आणि पहिल्याच पानावर दोघं अडले. दोन्ही बाजूंचं म्हणणं मनावर घेण्यासारखं आहे, म्हणून ते इथे मांडतो.

मोठे बाबा : भाषण कुठून सुरू करायचं ते मी सांगतो. १९२८ साल. बाविशीतली एक मुलगी पुण्याहून बर्लिनला निघते. सासरे साक्षात महर्षी कर्वे, पण तिच्या परदेशी जाण्याला त्यांचाही विरोध. जीवराज मेहतांकडून कर्ज मिळतं आणि ती जाते. तिथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था नुकतीच सुरू झालेली. संचालक ऑयगेन फिशर. त्याची धारणा अशी, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू एका ठराविक तऱ्हेने असमान असते आणि त्याच्या तर्कबुद्धीचं, म्हणजेच श्रेष्ठत्वाचं, मूळ तिथे आहे. ते सिद्ध करायचं काम त्याने या हिंदुस्थानी मुलीला दिलं. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं, की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूच्या संस्थेत बसून, गुरूच्याच पद्धतीने, गुरूचं मत खोडून काढलं! वंशवादाला याहून चोख उत्तर कोणतं? इथेच टाळ्या पडतील. पुढे काही बोलायची गरज नाही.

पुतणी : हे सगळं मी लिहिलंय, मोठे बाबा. पण त्याच्या खाली एक प्रश्नही लिहिलाय. त्या कवट्या कोणाच्या होत्या?

मोठे बाबा : संग्रहातल्या. संशोधनासाठी ठेवलेल्या.

पुतणी : संग्रहात त्या चालत आल्या नव्हत्या ना. बर्लिनमध्ये फेलिक्स फॉन लुशान नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो कवट्या जमवल्या होत्या. वसाहतीतले लष्करी अधिकारी, सरकारी डॉक्टर, प्रवासी त्याला त्या पाठवायचे. काही कबरी उकरून काढलेल्या, काही फाशी दिलेल्या माणसांच्या. त्या काळी टांझानिया, रवांडा, बुरुंडी हा सगळा मुलूख जर्मन पूर्व आफ्रिका म्हणून ओळखला जायचा. एकट्या त्या भागातल्या हजाराहून जास्त कवट्या बर्लिनच्या संग्रहात निघाल्या. आणि लुशान काही वंशश्रेष्ठत्व मिरवणारा नव्हता. १९११ मध्ये लंडनला जागतिक वंश परिषद भरली, तिथे कोणताही वंश मुळात हीन नाही असंच त्याने मांडलं. मत चांगलं होतं आणि कपाटात लोकांची डोकी होती.

मोठे बाबा : यात इरावतीबाईंचा काय दोष?

पुतणी : दोष कोण देतंय? पण फिशर कुठून वर आला, ते तर सांगावं लागेल. आजचा नामिबिया तेव्हा जर्मन नैऋत्य आफ्रिका होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनी आणि गुरं बळकावली, म्हणून जानेवारी १९०४ मध्ये हेरेरो लोक उठले. ऑगस्टात वॉटरबर्गची लढाई झाली. हरलेल्या लोकांना जनरल फॉन ट्रोथाने ओमाहेकेच्या वाळवंटात हाकललं आणि २ ऑक्टोबरला लेखी हुकूम काढला, की हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला. पाण्याच्या जागा अडवल्या. पुढे नामा लोक उठले, त्यांचंही तेच झालं. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. शार्क आयलंडच्या छावणीत थंडीने, उपासाने, मारहाणीने माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांसाठी १९८५ मध्ये तयार झालेल्या व्हिटेकर अहवालात आकडे आहेत : ८० हजार हेरेरोंपैकी ६५ हजार गेले, २० हजार नामांपैकी १० हजार. छावणीत कैदी बायकांना मेलेल्यांची डोकी उकळून काचेच्या तुकड्यांनी खरवडायला लावत. साफ केलेल्या कवट्या पेट्यांत भरून जर्मनीच्या विद्यापीठांना जात.

मोठे बाबा : (थोडं थांबून) आणि फिशर?

पुतणी : फिशर १९०८ मध्ये तिथेच गेला. रेहोबोथला युरोपीय बाप आणि आफ्रिकी आया यांच्या वंशातला एक समाज राहत होता. त्यांची डोकी, केस, डोळे मोजून त्याने १९१३ मध्ये पुस्तक काढलं. रक्त मिसळलं की माणूस खालावतो, हे त्यातलं सार. त्या पुस्तकावर त्याचं नाव झालं, आणि त्या नावावर १९२७ मध्ये संस्था मिळाली. इरावतीबाई ज्या टेबलाशी बसल्या, ते टेबल असं आलेलं होतं.

मोठे बाबा : म्हणूनच तर त्यांचं मोठेपण वाढतं! असल्या माणसासमोर नाही म्हणायला किती धैर्य लागलं असेल.

पुतणी : धैर्य मी मानतेच. मला फक्त 'इथेच थांब' हे पटत नाही. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या सैन्यातले आफ्रिकी शिपाई ऱ्हाईनलँडमध्ये होते. त्यांना जर्मन बायकांपासून मुलं झाली होती. १९३७ मध्ये अशा सुमारे ४०० मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली, आणि त्या कामात फिशरच्या संस्थेतल्या तज्ज्ञांचा हात होता. प्रबंधाने फिशरचं मत खोटं ठरवलं, तरी फिशरचं काही अडलं नाही.

मोठे बाबा : पुरावा लगेच जिंकत नसतो, बेटा. पण पुरावा नसला तर लढायचं कशाने? नुसत्या कळवळ्याने? आता मले सांग, इंग्रज अधिकारी रिस्ले साहेबाने नाकाची मापं घेतली आणि म्हटलं, की जात म्हणजे वंश, ज्याचं नाक रुंद तो खालचा. बाबासाहेबांनी काय केलं? ती मापं फेकून नाही दिली. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी मांडलेले आकडे घेतले आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा भेद निघत नाही. साहेबाचंच हत्यार साहेबावर उलटवलं. मोजणंच पाप म्हणून सोडून दिलं असतं तर हे झालं असतं?

पुतणी : नसतं झालं, हे मान्य. पण बाबासाहेब त्या मापांसाठी थांबले होते का? नोव्हेंबर १९२७ मध्ये ते आपल्या अमरावतीत आले, वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष म्हणून. अंबादेवीच्या देवळात सगळ्यांना जाता यावं, हा तेव्हाचा प्रश्न. तिथे कोणी कोणाचं नाक मोजलं नव्हतं. आडनाव कळलं की पुरे. आणि देवळात जायचा हक्क मागणाऱ्यांनीही आमच्या कवट्या तुमच्यासारख्याच आहेत, असं सांगितलं नाही. माणूस म्हणून मागितला. मी तुम्हाला एक विचारू? समजा त्या १४९ कवट्यांमध्ये फरक निघाला असता तर?

मोठे बाबा : तर तसं लिहावं लागलं असतं. जे दिसलं ते लिहायचं, हा विज्ञानाचा धर्म आहे.

पुतणी : मग हेरेरोंना वाळवंटात हाकलणं बरोबर ठरलं असतं?

मोठे बाबा : कायच्या काय! फरक म्हणजे श्रेष्ठपणा नव्हे. आणि श्रेष्ठ असला तरी मारायचा परवाना कोणी दिला?

पुतणी : तेच म्हणते मी. माणसाचा जगण्याचा हक्क मापाच्या निकालावर टांगून ठेवता येत नाही. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा नकळत तो हक्क मापावर टांगतो. माझ्या भाषणात टाळ्या तिथे पडू नयेत, एवढंच.

मोठे बाबा : हे म्हणणं मी टाळू शकत नाही. पण मोजण्याबद्दल तुझ्या मनात जी अढी आहे ती मला पटत नाही. इरावतीबाई परत आल्या, डेक्कन कॉलेजात बसल्या आणि मोजतच राहिल्या. १९४८ मध्ये मराठ्यांच्या शरीरमापांवर पुस्तक काढलं, १९५१ मध्ये दांडेकरांबरोबर महाराष्ट्राच्या शरीरमापांवर दुसरं. त्यातून त्यांनी काय दाखवलं? एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकाच मुळातून फुटलेल्या असतीलच असं नाही. म्हणजे जातीच्या नावाभोवतीचा आपला समजच हलवला. हे काय फिशरचं काम होतं?

पुतणी : प्रश्न वेगळा होता, हे खरं. पण मोजपट्टी तीच होती. वेगवेगळ्या जातींच्या लोकांना उभं करायचं, डोकं, नाक, उंची मोजायची आणि कोण कोणापासून किती लांब ते काढायचं. ज्यांना उभं केलं त्यांना कोणी विचारलं असेल, की तुम्हाला हे हवंय का? बर्लिनमधून त्यांनी फिशरचा निष्कर्ष आणला नाही, पण माणसाकडे नमुना म्हणून बघायची रीत आली. आपण त्यांना देवपण दिलं तर हे दिसणार नाही.

मोठे बाबा : आजच्या नजरेने कालच्या माणसाला तोलायचं म्हटलं तर कोणीच उरणार नाही. ज्या बाईने युरोपच्या गाभाऱ्यात जाऊन खोटं उघडं पाडलं, तिच्या हातातली पट्टी बघत बसायचं?

पुतणी : दोन्ही बघायचं. त्यांनीच 'युगान्त'मध्ये भीष्माला, द्रोणाला तसंच बघितलं ना? आदर ठेवला आणि जाबही विचारला. त्यांच्याच पद्धतीने त्यांना वाचणं हा अपमान कसा?

मोठे बाबा : बरं. हे ठेव भाषणात. पण तुझ्या शेवटच्या पानावर जे आहे, कवट्या परत करा म्हणून, ते मला वरवरचं वाटतं. सव्वाशे वर्षांनी हाडं परत नेऊन कोणाचं पोट भरणार आहे? जर्मनीने २०२१ मध्ये वंशसंहार झाला हे कबूल केलं, तीस वर्षांत १ अब्ज १० कोटी युरो द्यायचं म्हटलं. त्यातून रस्ते होतील, पाणी येईल. ते महत्त्वाचं.

पुतणी : त्या करारावर हेरेरो आणि नामा पुढाऱ्यांनीच हरकत घेतली. आमच्याशी थेट न बोलता दोन सरकारांनी ठरवलं, आणि नुकसानभरपाई हा शब्द टाळून विकासाची मदत म्हटलं, अशी त्यांची तक्रार आहे. ज्यांची जमीन गेली त्यांच्या मुलांना ती अजून मिळालेली नाही. म्हणजे पैशाच्या बाबतीतही प्रश्न तोच, की ठरवणार कोण. आणि हाडांचं म्हणाल तर मला सांगा, २०२५ मध्ये पेपरातल्या कोणत्या बातमीचं कात्रण काढून ठेवलं तुम्ही?

मोठे बाबा : रघुजी भोसल्यांची तलवार.

पुतणी : लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाखांना घेतली. त्याच्या आदल्या वर्षी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. केवढा आनंद झाला सगळ्यांना. त्या तलवारीने कोणाचं पोट भरलं?

मोठे बाबा : ते वेगळं आहे. रघुजींचा वऱ्हाडशी संबंध. पुढे त्यांच्या घराण्याची आडगावची लढाई झाली, १८०३ ची, इथे अकोल्याकडे. महिन्याभरात गाविलगड पडला, आपल्या चिखलदऱ्याजवळचा. भोसल्यांचं राज्य तिथून ढासळलं. ती तलवार म्हणजे लोखंड नाही, आमचं…

पुतणी : बोला ना.

मोठे बाबा : आमचं माणूस आहे, असं म्हणणार होतो.

पुतणी : त्यांचं तर खरोखरचं माणूस आहे. किलिमांजारोच्या पायथ्याशी चागा लोकांचा राजा होता, मांगी मेली. जर्मनांनी त्याला २ मार्च १९०० रोजी मोशी इथे फाशी दिली. त्याचं डोकं जर्मनीला नेलं, असं त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलंय. अजून सापडलेलं नाही. आणि हे फक्त आफ्रिकेचं आहे असंही समजू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची कवटी विक्रीला ठेवली होती. नागालँडमधून ओरड झाली, मग ती काढून घेतली. आपल्या देशातल्या माणसाचं डोकं, किंमत लावून.

मोठे बाबा : (बराच वेळ गप्प राहून) हे मी हरलो म्हणून सांगत नाही. पण मांगी मेलीचं नाव तू काढलंस तर पुढचंही सांग. २०२३ मध्ये बर्लिनच्या त्याच संग्रहातल्या कवट्यांची जनुकीय तपासणी झाली आणि टांझानियातल्या जिवंत नातेवाइकांशी जुळणी निघाली. त्यात मांगी मेलीच्या एका सल्लागाराची कवटी ओळखू आली. म्हणजे शंभर वर्षं ज्याच्यावर नुसता क्रमांक होता, त्याला घरचे लोक मिळाले. कशाने मिळाले? मोजण्यानेच ना? तू विज्ञानाला हाकलशील तर ही माणसं कायमची निनावी राहतील.

पुतणी : हे मला मान्य आहे, मनापासून. पण तिथे नातेवाइकांना विचारून, त्यांच्या लाळेचे नमुने त्यांच्या मर्जीने घेऊन तपासणी झाली. आता दुसरी गोष्ट ऐका. इरावतीबाई जिथे काम करत होत्या ती डालेममधली इमारत आज बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. २०१४ मध्ये शेजारी खोदकाम करताना हाडं निघाली, एकूण १६ हजारांच्या आसपास तुकडे. तेव्हा ज्यू, रोमा आणि कृष्णवर्णीय समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरलं, की वंश शोधणाऱ्या आणखी तपासण्या नकोत. ज्यांना एकदा वंशाच्या खणात टाकून संपवलं, त्यांना पुन्हा त्याच खणांत टाकायला नको. मार्च २०२३ मध्ये ती हाडं सन्मानाने पुरली. एका ठिकाणी मोजणं बरोबर ठरलं, एका ठिकाणी न मोजणं.

मोठे बाबा : दोन्हीकडे ठरवणारे ते लोक होते.

पुतणी : हेच मला तुमच्याकडून ऐकायचं होतं.

मोठे बाबा : मग आता माझं एक ऐक. तू जर्मनीचं, इंग्लंडचं सांगतेस, पण आपण त्यात कुठे होतो? आपण स्वतःच गुलाम होतो. १९३६ मध्ये आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिन ऑलिंपिकला गेली, तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. अमरावतीची पोरं! त्याच ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं घेतली. एकीकडे अमेरिकेतला काळा माणूस, एकीकडे आपली वऱ्हाडी पोरं. आपण मारणाऱ्यांच्या बाजूला कधीच नव्हतो.

पुतणी : त्या पोरांचा मला अभिमान आहे. त्याच शहरात, त्याच साली, फिशरची संस्था चालू होती, हे त्यांना कोण सांगणार होतं? पण आपण मारणाऱ्यांच्या बाजूला कधीच नव्हतो, हे खरं नाही. १८६८ मध्ये अबिसिनियावर, म्हणजे इथिओपियावर, इंग्रजांची स्वारी झाली. सेनापती रॉबर्ट नेपियर, मुंबई लष्कराचा प्रमुख. फौज मुंबईतून जहाजांवर चढली, हत्तीसुद्धा इथून गेले. १३ एप्रिलला मगदला पडलं. सम्राट तेवोद्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली. चर्चमधली हस्तलिखितं, मुकुट, पात्रं सगळं लुटलं. लूट वाहायला १५ हत्ती आणि २०० खेचरं लागली. त्यातल्या वस्तू आजही लंडनमध्ये आहेत, काही तर ज्या संग्रहालयातून आपली वाघनखं आली त्याच संग्रहालयात. सम्राटाचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू विलायतेला नेला. तो १८७९ मध्ये अठराव्या वर्षी वारला, विंडसरला पुरलाय. इथिओपियाने त्याचे अवशेष मागितले, २०२३ मध्ये राजवाड्याने नकार दिला.

मोठे बाबा : मुंबईच्या शिपायाच्या हातात काय होतं? पगारी माणूस.

पुतणी : नव्हतंच काही. म्हणून मी त्याला दोषी म्हणत नाही. पण आपण नुसते बघे होतो, असंही म्हणता येत नाही. आणि आज? २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावाने हात टाकला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी हा वंशद्वेष आहे असं उघड म्हटलं. त्या जमावातल्या कोणी फिशरचं नाव ऐकलं नसेल.

मोठे बाबा : हे लाजिरवाणं आहे. आणि महाराष्ट्रात तर त्याला जागाच नसायला पाहिजे. मलिक अंबर कोण होता? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला. दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. खडकी त्याने वसवली, आजचं संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जमीन महसुलाची त्याची व्यवस्था नावाजली गेली. त्याची कवटी कोणी मोजली नाही, काम बघितलं.

पुतणी : मग माझ्या भाषणाचा शेवट तुम्हीच दिलात. इरावतीबाईंपासून सुरुवात आणि मलिक अंबरापाशी शेवट.

मोठे बाबा : नाही. शेवट त्याच्यावर नको. शेवटी कवट्यांचा प्रश्न ठेव. आणि टाळ्यांची वाट बघू नको.

इथे दोघांचा वाद संपला. आता लिहिणाऱ्याचं मत सांगणं भाग आहे.

मोठ्या बाबांचं म्हणणं मला मोलाचं वाटतं, की खोट्याला पुराव्यानेच उत्तर द्यावं लागतं. गोरा श्रेष्ठ आणि काळा हीन, हे खोटं युरोपच्या विद्यापीठांनी विज्ञानाचा शिक्का मारून जगभर पाठवलं. तो शिक्का आतून पुसणाऱ्यांत एक मराठी बाई होती, हे आपल्या शाळा-महाविद्यालयांत सांगितलं गेलं पाहिजे. पण निकाल पुतणीच्या बाजूने द्यावा लागेल. कवटीवरचं खोटं मत पुसून काम संपत नाही. कवटी अजून कपाटात असते, जमीन अजून बळकावणाऱ्यांच्या वारसांकडे असते, आणि परत काय द्यायचं, कधी द्यायचं, त्याला काय म्हणायचं हे अजूनही घेणाऱ्यांचेच वारस ठरवतात. वसाहतवादाचा वारसा म्हणतात तो हाच. मारणं थांबलं तरी ठरवण्याचा अधिकार सुटलेला नाही.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वाघनखांसाठी आणि रघुजींच्या तलवारीसाठी आपण जो न्याय मागितला, तोच नामिबिया, टांझानिया, इथिओपिया आणि नागालँड मागत आहेत. त्यांच्या मागणीची बातमी आली की ती आपली म्हणून वाचावी, आपल्या वर्गात शिकवावी, आपल्या सभेत मांडावी. वस्तूंसाठी एक न्याय आणि माणसांच्या हाडांसाठी दुसरा, असं चालणार नाही.

दुसरी गोष्ट घरातली आहे. पुण्यात किंवा नागपुरात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलाला खोली नाकारणारा घरमालक, लग्नाच्या जाहिरातीत गोरी मुलगी मागणारं कुटुंब आणि आडनाव ऐकून पाण्याचा पेला वेगळा करणारा माणूस, या सगळ्यांच्या हातात मोजपट्टी आहे. ती त्यांना बर्लिनहून मिळालेली नाही. ती इथलीच, फार जुनी आहे. फिशरचा निषेध करणं सोपं आहे, कारण तो परका आहे आणि मेलेला आहे. आपल्या हातातली पट्टी खाली ठेवणं अवघड आहे, आणि ते काम आपल्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही.